आनंदाचं गाणं ऐकून अंगावर काटा का येतो? मंडईच्या भोंग्यापासून एआयच्या आवाजापर्यंत

भाऊबीज उलटली की भंडारा जिल्ह्यात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, पाहुणे, झुले, आणि रात्री नाटक नाहीतर दंडार. ज्या गावची मंडई नसते तिथे मात्र रात्री नऊनंतर सगळं सामसूम. अशाच एका रात्री मी साकोली तालुक्यात मामाच्या गावी ओट्यावर बसलो होतो. मोबाइल आत चार्जिंगला. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये पुंजणे उभे, बोडीवर धुकं. आणि कुठूनतरी गाण्याचा आवाज आला.

शब्द कळत नव्हते. कुणीतरी लांब सूर लावून रडतंय असं वाटत होतं. मधेच आवाज अगदी जवळ यायचा, मधेच नाहीसा व्हायचा. खरं सांगतो, दोन मिनिटं मी जागचा हललो नाही. मग मामेभाऊ बाहेर आला. तो साऊंड सिस्टिम भाड्याने देतो, त्यामुळे त्याचा कान तयार आहे. क्षणभर ऐकून म्हणाला, "गुलाबी साडी होय बे. बाजूच्या गावाले मंडई आहे ना."

संजू राठोडचं २०२४ चं 'गुलाबी साडी'. ज्या गाण्यावर लहान पोरांपासून आज्यांपर्यंत सगळ्यांनी रील काढल्या, तेच. एवढं हसरं गाणं दोन किलोमीटर चालून आलं आणि भूत होऊन पोचलं.

असा अनुभव तुम्हालाही आला असेल. नसेल आला, तर यूट्यूबवर कुठल्याही आनंदी गाण्याची 'स्लोड अँड रिव्हर्ब' आवृत्ती रात्री हेडफोन लावून ऐका. हॉलिवूडवाले हे मुद्दाम करतात. टायनी टिमचं १९६८ चं 'टिपटो थ्रू द ट्यूलिप्स' हे फुलाबागेतलं गोड गाणं 'इन्सिडियस' या भयपटात वापरलं, आणि आता अनेकांना ते साधं ऐकवत नाही. पण आपल्याकडे कुणी मुद्दाम काही केलेलं नसताना हे होतं. कसं होतं ते आधी बघू, कारण त्याच कारणामुळे आता एक नवीन अडचण येऊन उभी राहिली आहे.

दोन किलोमीटरवरून गाणं येतं तेव्हा

गाण्याची पहिली मोडतोड खुद्द भोंग्यात होते. आपण ज्याला भोंगा म्हणतो तो कर्णा माणसाच्या बोलण्याच्या पट्टीसाठी बनवलेला असतो. खालचा खर्ज त्याला झेपत नाही, कारण त्यासाठी कर्णा कितीतरी मोठा लागेल. म्हणजे ज्या ठेक्यावर पाय हलतात तो ठेका भोंग्यातून बाहेरच पडत नाही. नाचायचं गाणं, पण त्यातून नाच काढून घेतलेला.

पुढची मोडतोड हवा करते. हवा सगळे सूर सारखे पोचवत नाही. साधारण २० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ५०० हर्ट्झचा सूर एका किलोमीटरमध्ये हवेमुळे जेमतेम ३ डेसिबल गमावतो. ४००० हर्ट्झचा सूर मात्र २० डेसिबलहून जास्त गमावतो. अंतरामुळे आवाज पसरून क्षीण होतो ते वेगळंच. आता गंमत बघा. स, श, च, ट या व्यंजनांची ओळख मुख्यतः या वरच्या पट्टीत असते आणि आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत. त्यामुळे दोन किलोमीटरवर शब्द गळून पडतात आणि उरतात नुसते लांबलेले स्वर. शब्दांविना लांबलेले स्वर माणूस कधी काढतो? रडताना, हाक मारताना, कण्हताना. मेंदूला तेच आठवतं.

मग प्रश्न असा की इतक्या लांबून ते ऐकूच का येतं? दिवसा तर येत नाही. याचं उत्तर थंडीत आहे. दिवसा जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड असते. आवाज गरम हवेत जोरात पळतो, थंडीत हळू. वेगात असा फरक पडला की आवाजाची लाट हळू बाजूकडे वळते, म्हणजे दिवसा ती वर आभाळाकडे निघून जाते. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उलटं होतं. जमीन आधी थंड होते, खालची हवा गार, वरची त्यामानाने उबदार. मग वर निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो आणि बांध्यांवरून, तलावांवरून सरपटत लांब जातो. भंडारा हा तलावांचा जिल्हा, धान कापल्यावर शेतं मोकळी, मध्ये अडवायला इमारती नाहीत. असला आवाज पोचायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

शिवाय एकाच खांबावर दोन दिशांना दोन भोंगे असतात, पुढे चौकात आणखी एक. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन भोंग्यांच्या अंतरात १७० मीटरचा फरक असेल तर दुसऱ्याचा आवाज अर्धा सेकंद उशिरा येतो. म्हणजे गाणं स्वतःच्याच मागे मागे चालतं. त्यात वाऱ्याची झुळूक आली की हवेचे थर हलतात आणि आवाज फुगतो, विरतो. 'मधेच जवळ, मधेच नाहीसा' म्हणालो ना, ते हेच.

इथे कुणी घाबरवत नाहीये. मेंदू फक्त दोन प्रश्न विचारत असतो: कोण गातंय आणि कुठून गातंय? दोन्हींची उत्तरं देणारी माहिती वाटेत गळालेली असते. उत्तर मिळत नाही तोवर शरीर सावध राहतं. मामेभावाने गाण्याचं नाव सांगितलं आणि काटा लगेच बसला. आवाज तोच होता, बरं का. बदललं होतं ते माझ्या डोक्यातलं.

रिकाम्या रस्त्यावरची गाडी

कधी कधी आवाजात काहीच बिघाड नसतो, तरी हे होतं. कचरा गोळा करणाऱ्या गाडीवरचं ते हिंदी गाणं आठवा. ते गाणारे श्याम बैरागी मध्य प्रदेशातल्या मंडल्याचे, म्हणजे आपल्या शेजारच्या बालाघाटच्या पलीकडच्या जिल्ह्याचे. एरवी ते गाणं लागलं की घराघरात बादल्यांची धावपळ आणि त्यावर हजार मीम. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तीच चाल रिकाम्या रस्त्यावरून यायची तेव्हा कसं वाटायचं? गाणं स्पष्ट, शब्द स्पष्ट, गाडी समोर दिसतेय. फक्त ज्यांच्यासाठी ते गायलंय ती माणसं रस्त्यावर नव्हती. तेवढ्यानेही पुरतं.

स्लोड अँड रिव्हर्ब म्हणजे नेमकं काय करतात?

याची मुळं अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात आहेत. तिथे १९९० च्या दशकात डीजे स्क्रू या कलाकाराने गाणी मंदावून कॅसेटवर भरायला सुरुवात केली. २०१७ च्या सुमारास त्याच शहरातल्या स्लेटर नावाच्या निर्मात्याने त्यात रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनातला घुमारा मिसळला, आणि यूट्यूबवर लाट आली. आज कुठलंही मराठी गाणं हिट झालं की चार दिवसांत त्याची स्लोड आवृत्ती हजर असते.

आधी एक प्रयोग करा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन एखादं गाणं ०.७५ वेगाने लावा. गायक जरा पेंगलेला वाटेल, पण भीती नाही वाटणार. कारण यूट्यूब वेग कमी करताना सुराची उंची तीच ठेवतं. स्लोड आवृत्तीत तसं नसतं. तिथे जुन्या टेपरेकॉर्डरसारखं सगळंच मंदावतं, वेगही आणि सूरही.

समजा वेग ०.८ केला. तीन मिनिटांचं गाणं पावणेचार मिनिटांचं होतं. सूर जवळजवळ चार अर्धस्वर खाली येतो. पेटीवाल्यांच्या भाषेत काळी पाचचं गाणं काळी तीनवर येतं. एवढ्याने काही बिघडत नाही, कारण गायक खालच्या पट्टीत गातच असतो. गोची पुढे आहे. माणसाच्या आवाजाचा पोत ठरतो तो गळ्यापासून ओठांपर्यंतच्या नळीच्या लांबीवर. पुरुषात ती साधारण १७ सेंटिमीटर असते. माणूस खालच्या पट्टीत गातो तेव्हा त्याची नळी तेवढीच राहते. रेकॉर्डिंग मंदावलं की मात्र नळीची खूणही बदलते आणि कानाला ती २१ सेंटिमीटरची वाटते. म्हणजे सात-आठ फुटी माणूस तुमच्या कानाशी गुलाबी साडीवर गातोय. दोन ओळींमधला श्वाससुद्धा सव्वापट लांब होतो. गळ्याचं कंपन सेकंदाला सहा वेळा असेल तर पाचच्याही खाली येतं, म्हणून आवाज थरथरल्यासारखा वाटतो.

वर रिव्हर्ब. हेडफोनमध्ये आवाज अगदी कानाशी, आणि घुमारा मात्र रिकाम्या गोदामाचा. जवळचा आणि लांबचा, एकाच वेळी. मंडईच्या भोंग्यासारखाच हा गोंधळ, फक्त खोलीत बसून, मुद्दाम केलेला. विरहाच्या गाण्याला हे शोभतं. हळदीच्या गाण्याला केलं की हळद बाजूला राहते आणि दुसरंच काहीतरी समोर येतं.

आवाज ओळखीचा, माणूस नाही

आता मुख्य मुद्द्यावर येतो. गेल्या दोन-तीन वर्षांत एआयची गाणी फोनमध्ये आलीत. ती दोन तऱ्हेने बनतात. एका तऱ्हेत कुणीतरी खरंच गातं आणि मॉडेल त्या गाण्यातले शब्द व सूर तसेच ठेवून फक्त आवाजाचा पोत बदलतं. दुसऱ्या तऱ्हेत तुम्ही शब्द लिहून देता आणि मॉडेल चाल, वाद्यं, गळा सगळंच रचतं.

दुसऱ्या तऱ्हेचा प्रयोग मी स्वतःवर केला. एका ॲपला माझ्या गाण्याचे नमुने दिले आणि बहिणीच्या हळदीसाठी लिहिलेलं एक खुशालचेंडू गाणं गाऊन घेतलं. हेडफोनवर ऐकलं आणि तोच ओट्यावरचा काटा आला. आवाज माझाच होता, पण चार ओळी झाल्या तरी मी श्वासच घेतला नव्हता. 'हळद'मधला ळ अर्धवट ल कडे झुकलेला. 'चोळी'चा च 'चहा'सारखा, हिंदीच्या अंगाने. हसू येईल अशा ओळीला आवाजात हसू नव्हतं, तरी ओळ अचूक सुरात. रोबोट माणसासारखा दिसायला लागला आणि तरी थोडा कमी पडला की तो जास्तच नकोसा वाटतो, असं जपानचे मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच मांडलं होतं. आवाजाचंही तसंच होतं.

मग तेच गाणं मी फोनच्या स्पीकरवर लावलं. काटा निम्मा गेला. शेवटी मामेभावाने मांडवाच्या भोंग्यावर लावलं. आई आतून आली आणि म्हणाली, "कधी रेकॉर्ड केलंस रे हे? आम्हाले सांगितलंही नाही."

हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. पण विचार केला तर सरळ आहे. एआयच्या खोटेपणाच्या बऱ्याचशा खुणा वरच्या पट्टीत आणि बारीक तपशिलात असतात: व्यंजनांच्या कडा, श्वासाची सळसळ, धातूसारखी एक किनार. भोंगा नेमकं तेच कापून टाकतो. म्हणजे ज्या भोंग्याने खऱ्या गाण्याचं भूत केलं, त्यानेच खोट्या गाण्याचा माणूस केला. साध्या फोन कॉलमध्येही जुन्या पद्धतीच्या जोडणीवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी जाते. नातेवाइकाच्या आवाजात पैसे मागणारे बनावट कॉल खपतात त्याचं एक कारण हेही आहे.

'एआयचं असेल तर मला लगेच कळतं, कानाला विचित्र लागतं' असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. मीही म्हणायचो. पण कानाला विचित्र लागणं म्हणजे माहिती कमी पडणं, एवढंच. खरं-खोटं त्याला कळत नाही.

मग याला कायदा काय म्हणतो? मोठ्या गायकांनी दार ठोठावलंय. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीतही तसंच संरक्षण दिलं. दुसऱ्या बाजूला परवानगी घेऊन केलेलं कामही आहे. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या 'लाल सलाम' चित्रपटात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले. कुटुंबांची संमती घेतली आणि मोबदला दिला, असं त्यांनी जाहीर केलं. ते ऐकून कुणाला भरून आलं, कुणाला कसंतरी झालं.

पण अरिजित सिंग आणि आशाताई न्यायालयात जाऊ शकले. आपल्याकडच्या रंगमंचावर गाणाऱ्यांचं काय? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या मंडळींचं केंद्र. झाडीपट्टी रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राने जरा मान वळवून बघितलं. या नाटकांत नट-नट्या मंचावर खरंखुरं गातात, समोर वादक बसलेले असतात. आणि प्रेक्षकांतला प्रत्येक दुसरा पोरगा मोबाइल वर धरून रेकॉर्ड करतो, सकाळी अपलोड. प्रेमानेच करतो, त्यात वाद नाही. पण एखाद्या गायिकेची अशी दहा-वीस गाणी एकत्र केली की तिचा आवाज शिकायला मॉडेलला पुरेसं खाद्य मिळतं.

कॉपीराइट कायदा, १९५७ या गायिकेला ओळखतो. कलम ३८ प्रमाणे तिच्या सादरीकरणावर तिचा ५० वर्षं हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३८ ब म्हणतं की सादरीकरणासोबत तिचं नाव यायला हवं आणि तिची प्रतिष्ठा जाईल अशी मोडतोड करता येणार नाही. तिच्या रेकॉर्डिंगची उचलेगिरी केली तर हे कलम कामाला येतं. मात्र तिच्या आवाजात तिने कधीच न गायलेलं गाणं तयार केलं तर? तिथे सादरीकरण झालेलंच नाही, आणि कायद्याचं बोट निसटतं. मग उरतो तो व्यक्तिमत्त्वाचा हक्क, जो न्यायालयांनी आजवर मुख्यतः नामवंतांच्या प्रकरणांत उचलून धरलाय. दुसऱ्या तालुक्यातही जिचं नाव माहीत नाही, तिने तो कसा सिद्ध करायचा?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून एआयने बनवलेल्या मजकुरावर ठळक लेबल बंधनकारक केलं. नॉईज कमी करण्यासारखं नेहमीचं, प्रामाणिक एडिटिंग त्यातून वगळलंय. चांगलं पाऊल आहे. फक्त ते लेबल ॲपमध्ये टिकेल. पेनड्राइव्हमध्ये भरून प्रचाराच्या ऑटोवर, वरातीच्या गाडीवर, मंडईच्या खांबावर गाणं चढलं की लेबल खालीच राहू शकतं. आणि आपल्या भागात गाणं ऐकायची जागा तर तीच आहे.

तोवर हातात आहे ते करता येईल. नाटकाचं रेकॉर्डिंग टाकण्याआधी मंडळीला विचारा, आणि टाकलंच तर गाणाऱ्याचं पूर्ण नाव, नाटकाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. उद्या 'हे मी गायलेलं नाही' असं तिला सांगावं लागलं, तर 'हे मात्र मी गायलं होतं' असं दाखवायला काहीतरी जागेवर असेल. संशयास्पद गाणं आलं तर फोनच्या स्पीकरवर न्याय करू नका, हेडफोन लावा. श्वास कुठे घेतलाय ते शोधा, ळ आणि च-ज तपासा. या खुणाही मॉडेलं दर काही महिन्यांनी पुसत चालली आहेत, हे लक्षात ठेवून.

मामेभावाला माझा प्रयोग भलताच आवडला. त्याने तो चार जणांना ऐकवला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. एका लग्नाची ऑर्डर आहे, नवरदेवाच्या घरच्यांना त्यांच्या आवडत्या नाटकातल्या बाईच्या आवाजात नवरा-नवरीच्या नावाचं गाणं पाहिजे, पैसे चांगले देतात म्हणे. "भोंग्यावर कोणाले कळते?" तो म्हणाला. मी विचारलं, त्या बाईंना विचारलं का? त्यांचा नंबर त्याच्याकडे आहे, दरवर्षी त्यांच्या नाटकाला हाच साऊंड देतो. थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "थांब, सांगतो." अजून त्याचा फोन आलेला नाही.